विद्यांची बेरीज आणि विद्यांचे ऋण : 'नवनाथ भक्तिसार' व भूमिकाखेळांचे नियम

१९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. पटावाचूनही खेळता येणाऱ्या या खेळात एक जण सूत्रधार होतो, उरलेले प्रत्येकी एक भूमिका घेतात, आणि अद्भुत प्रदेशातील त्यांची भटकंती संवादातून व फाशांच्या कौलातून घडत जाते. प्रत्येक भूमिकेला एक पेशा असतो. पहिल्या पुस्तिकांत असे पेशे तीनच होते : योद्धा, मांत्रिक आणि पुरोहित. मात्र एल्फ या मानवेतर वंशातील पात्राला एका मोहिमेत योद्धा तर दुसऱ्या मोहिमेत मांत्रिक होण्याची मुभा एका त्रोटक नियमाने दिली होती. चालू खेळाच्या मध्यावर पालट करण्यास मनाई होती. शिवाय योद्धा म्हणून चौथी आणि मांत्रिक म्हणून आठवी, या पायऱ्यांपलीकडे एल्फला चढता येत नसे.

ही मुभा देणाऱ्यांना तिच्या परिणामांची पुरती कल्पना असावी असे दिसत नाही. एका देहात दोन विद्या नांदू लागल्या, की एकाच विद्येवर आयुष्य वाहिलेल्या सोबत्याचे कथेतील प्रयोजन काय उरते, हा प्रश्न तेव्हापासून या खेळाच्या प्रत्येक आवृत्तीने नव्याने हाती घेतला आणि प्रत्येक आवृत्तीने तो थोडा शिल्लक ठेवला. अभ्यासकांनी तो आजवर खेळणाऱ्यांच्या हिशेबाची बाब मानून बाजूला ठेवला आहे. वास्तविक कथनमीमांसेला इतके उघड साधन क्वचितच मिळते. व्लादिमीर प्रॉप याने १९२८ मध्ये परीकथांतील कार्यांची जी मांडणी केली, ती सांगून संपलेल्या कथांवरून काढलेली होती. येथे क्रम उलटा आहे. कथा अजून घडायची आहे, आणि तीत कोणी काय, किती वेळा व कशाच्या मोबदल्यात करावे याची घटना आधी लिहून ठेवलेली आहे. अशा घटनेचा इतिहास हा सामर्थ्याविषयीच्या कल्पनांचा इतिहास ठरतो. मराठीत त्याला विशेष कारणही आहे. अनेक विद्यांचा धनी ही व्यक्तिरेखा मराठी धार्मिक कथनाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच मध्यभागी आणली होती, आणि तिला आवर घालण्याची अगदी वेगळी तऱ्हा शोधली होती.

प्रथम अमेरिकन हिशेब पाहू. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक' या नियमग्रंथाने मानवेतर पात्रांना एकाच वेळी दोन वा तीन पेशे चालवण्याची परवानगी दिली आणि त्याची किंमत म्हणून मिळालेल्या अनुभवगुणांची समान वाटणी सांगितली. वरवर पाहता वाटणी न्याय्य आहे : दोन विद्या, निम्मी निम्मी प्रगती. प्रत्यक्षात तसे घडत नाही. चाळीस हजार अनुभवगुण मिळवलेला निव्वळ योद्धा सहाव्या पायरीवर असतो आणि निव्वळ मांत्रिक पाचव्या. तेच गुण वाटून घेणारा एल्फ वीस-वीस हजारांच्या बळावर पाचव्या पायरीचा योद्धा आणि त्याच वेळी चौथ्या पायरीचा मांत्रिक ठरतो. म्हणजे एकेक पायरी मागे राहून त्याने संपूर्ण दुसरी विद्या पदरात पाडून घेतलेली असते. कारण कोष्टकाच्या बांधणीत आहे. खालच्या पायऱ्यांवर प्रत्येक पुढची पायरी आधीच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट गुण मागते. आणि जेथे मागणी दुपटीने वाढते तेथे निम्म्याचा तोटा एका पायरीपुरताच असतो. चक्रवाढीचा अनुभव असलेल्या कोणाही कर्जदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. पुढे नवव्या-दहाव्या पायरीनंतर मागणी दुपटीने वाढणे थांबते, योद्ध्याला दर पायरीस सरसकट अडीच लाख गुण लागतात, आणि तेथे वाटणी खरोखर जाचू लागते. पण तोवर एल्फची वाट वंशाने घालून दिलेल्या मर्यादेशी येऊन थांबलेलीच असे.

ही मर्यादा नीट पाहण्याजोगी आहे. मानवाला कोणत्याही पेशात अखेरपर्यंत चढता येई, परंतु दोन पेशे एकत्र चालवता येत नसत. त्याला पहिला पेशा सोडून दुसरा घ्यावा लागे, आणि नव्या पेशात जुन्याहून वरची पायरी गाठेपर्यंत जुनी विद्या वापरली तर त्या मोहिमेचे अनुभवगुण गमवावे लागत. एल्फला दोन विद्या जन्मतः शक्य, पण शिखर जन्मतः निषिद्ध. १९७९ च्या सूत्रधारासाठीच्या ग्रंथात गायगॅक्स याने या व्यवस्थेचे समर्थन मानवकेंद्री जगाच्या गरजेवरून केले आहे. मराठी वाचकाला येथे एक जुना शब्द आठवल्याशिवाय राहणार नाही : अधिकारभेद. कोणी कोणती विद्या किती शिकावी हे जन्मावर बसवून समतोल साधणे, ही समाजव्यवस्थेची क्लृप्ती एका करमणुकीच्या खेळाने गणिताच्या सोयीसाठी पुन्हा शोधून काढली. तिच्या कर्त्यांना तसे अभिप्रेत होते असे म्हणण्याचे कारण नाही. पण सोयीसाठी शोधलेले अधिकारभेद निरुपद्रवी असतात, असेही इतिहास सांगत नाही.

समतोलाचे दुसरे साधन मंत्राच्या स्वरूपातच होते. जॅक व्हान्स या कथाकाराच्या १९५० सालच्या 'द डाइंग अर्थ' या पुस्तकातून खेळाने अशी कल्पना उचलली, की मांत्रिक मंत्र मनात साठवतो आणि उच्चारताच तो मनातून पुसला जातो. मंत्र हा या खेळात दारूगोळा आहे. सकाळी भरायचा, दिवसभरात संपवायचा. म्हणून मांत्रिकाच्या हाती दिवसाला मोजक्या जागा असतात आणि त्या मोजल्या की सामर्थ्य मोजले जाते. या मोजदादीवरच पुढची सगळी इमारत उभी आहे.

नाथकथांत अशी मोजदाद संभवतच नाही, आणि तेथूनच खरा फरक सुरू होतो.

नाशिक शहरात मुंबई–आग्रा महामार्गाला पुण्याकडचा रस्ता जेथे येऊन मिळतो, त्या चौकाला द्वारका म्हणतात. धुंडीसुत मालू नरहरी याच्या 'नवनाथ भक्तिसार' या चाळीस अध्यायांच्या ओवीबद्ध पोथीचा आरंभही द्वारकेतच होतो. अर्थात ती श्रीकृष्णाची. हा निव्वळ नामसाम्याचा योग. पण नाशिकच्या द्वारकेपासून उत्तरेला वणीपलीकडे सप्तशृंग आणि पश्चिमेला त्र्यंबकचा ब्रह्मगिरी, ही दोन स्थाने मात्र पोथीच्या विद्याभूगोलाची खरोखरच केंद्रे आहेत. मच्छिंद्रनाथाला शाबरी विद्येची वाट सापडते ती सप्तशृंगीच्या अंबेपाशी. निवृत्तिनाथाला गहिनीनाथाचा उपदेश झाला तो, परंपरेनुसार, ब्रह्मगिरीवर. आणि 'ज्ञानेश्वरी'च्या अखेरीस आलेली आदिनाथापासून निवृत्तिनाथापर्यंतची गुरुपरंपरा त्या उपदेशाची साक्ष देते. आजही नाथपंथी साधूंची झुंडी नाशिकच्या सिंहस्थानंतर त्र्यंबकेश्वरहून पायी निघून मंगळूरच्या कद्री मठापर्यंत जाते आणि बारा वर्षांसाठी तेथला नवा अधिपती गादीवर बसवते. २०१५ च्या सिंहस्थानंतरही ती गेली होती.

पोथीची रचना शके १७४१ ची, म्हणजे १८१९ ची. पेशवाई बुडाल्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते, आणि राजांना नमवणाऱ्या निष्कांचन सिद्धांच्या या कथांचा त्या घटनेशी कार्यकारणसंबंध जोडण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. कथा जुन्या आहेत, त्यांचे धागे बंगालपासून पंजाबपर्यंत पसरलेले आहेत, आणि पोथी स्वतःचा आधार म्हणून गोरक्षाच्या 'किमयागार' या ग्रंथाचे नाव घेते. रा. चिं. ढेरे यांच्या 'नाथ संप्रदायाचा इतिहास' या ग्रंथापासून मराठीत नाथसाहित्याचा जो अभ्यास झाला त्यात पंथाचे तत्त्वज्ञान, योगमार्ग, स्थाने आणि परंपरा यांना साहजिकच अग्रस्थान मिळाले. तुलनेने ही लोकप्रिय पोथी चमत्कारांची पोतडी म्हणून मागे पडली. चमत्कारांची संख्या पाहता हा शेरा समजण्यासारखा आहे. परंतु या पोतडीत हिशेब आहे, आणि तो कच्चा नाही.

मच्छिंद्रनाथाचेच उदाहरण घ्यावे. बदरिकाश्रमी तप करून त्याला दत्तात्रेयाचा अनुग्रह झालेला आहे. म्हणजे योग व ब्रह्मज्ञान ही पहिली विद्या हाती आहे. तरीही त्याला शाबरी हवी, कारण ती लोकांच्या उपयोगी पडणारी, वेदमंत्रांच्या संस्कृतात न अडकलेली, बोलभाषेतील मंत्रविद्या आहे. सप्तशृंगीची अंबा त्याला मार्तंड पर्वतावरचा नागवृक्ष दाखवते. त्या झाडावर देवतांची वस्ती आहे. परंतु त्या आपणहून प्रसन्न होत नाहीत. ब्रह्मगिरीच्या परिसरातील कुंडे शोधावी, त्यांतले योग्य कुंड कोणते ते वेल टाकून पारखावे, त्यात स्नान करून येणारी मूर्च्छा सूर्यनामांच्या जपाने निभावून न्यावी, तेथील उदक कुपीत भरून झाडापाशी आणावे, तेव्हा कोठे एखादी देवता वर देते. मग पुन्हा तीच वाट. महिनोन्महिने खेपा घालून एकेक देवता अनुकूल करून घेतल्यावर मच्छिंद्राची शाबरी सिद्ध होते.

या प्रसंगाचे वाचन सामान्यतः तपश्चर्येची महती म्हणून केले जाते. त्यात आणखी काही आहे. मच्छिंद्राला मिळते ते मंत्रांचे भांडार नव्हे, तर देणेकऱ्यांची आणि घेणेकऱ्यांची एक लांबलचक यादी आहे. प्रत्येक मंत्रामागे एक देवता उभी आहे, जिने शब्द दिलेला आहे. विद्या वापरणे म्हणजे तो शब्द वटवणे. पुढचे अध्याय याच रीतीने चालतात. सेतुबंधाजवळ मारुतीशी, हिंगळाजच्या दारी अष्टभैरवांशी, पुढे वेताळाशी, कोकणात कुडाळ प्रांती कालिकेशी मच्छिंद्राचा संघर्ष होतो. यांतील एकही संघर्ष प्रतिपक्षाच्या नाशाने संपत नाही. मारुतीचे अंग वाताकर्षणाने जखडले जाते तेव्हा त्याचा पिता वायू मध्ये पडतो. कालिकेच्या वेळी शंकर पडतो. समेट होतो आणि हरलेली शक्ती मच्छिंद्राच्या विद्येला साह्य करण्याचे वचन देते. म्हणजे त्याचे सामर्थ्य वाढते ते तहांच्या मार्गाने. आणि तह दोन्ही बाजूंना बांधतो. मारुतीच्या शब्दाखातर मच्छिंद्राला स्त्रीराज्यात जावे लागते, आणि तीनही लोकांत ज्याला अडवणारे कोणी उरले नाही तो राणीच्या महालात वर्षानुवर्षे अडकून पडतो. त्याची कोणतीही विद्या तेथे कमी पडलेली नाही. शब्दातून सुटण्याची विद्या नागवृक्षावर नव्हती, एवढेच.

येथे मंत्र संपत नाही. भस्माची चिमूट आणि ओठांतला उच्चार यांना दिवसाचा कोटा नाही. पुरवठा अमर्याद असताना समतोल साधायचा तर तो मोजमापाबाहेरच्या कशाने तरी साधावा लागतो, आणि मालूने तो नात्याने साधला आहे. अनेक विद्या म्हणजे अनेक बांधिलक्या. विद्येगणिक माणूस थोडा अधिक गुंतत जातो.

गोरक्ष आणि कानिफा यांच्या भेटीत हे फार नेमकेपणाने दिसते. कानिफा मंत्राने झाडावरचे आंबे उतरवून पाहुणचार करतो. गोरक्ष ते आंबे पुन्हा डहाळीला लावून दाखवतो. केवळ शक्तीची स्पर्धा असती तर कथा येथे गोरक्षाच्या विजयाशी थांबली असती. पण दोघेही ताबडतोब परस्परांच्या गुरूवर घसरतात : तुझा गुरू स्त्रीराज्यात विषयसुखात बुडाला आहे; तुझा गुरू गोपीचंदाच्या नगरीत लिदीच्या खड्ड्यात गाडला गेला आहे. टोमणा हीच माहिती ठरते. दोघे आपापल्या गुरूच्या सुटकेसाठी वेगवेगळ्या दिशांना निघतात आणि पोथीचा सारा मध्यभाग या एका संवादातून उलगडतो. आंबे कोणी चिकटवले याला पुढे काही महत्त्व उरत नाही. सामर्थ्याच्या तुलनेचा प्रश्न कर्तव्याच्या प्रश्नाने गिळून टाकलेला असतो. कथानकाची अशी वळणे पोथीवाचनाच्या सवयीने गुळगुळीत झाली आहेत म्हणून त्यांच्याकडे लक्ष जात नाही.

गोपीचंदाच्या प्रसंगात तर समतोलाची यंत्रणा उघडीच पडते. जालंदराची वाणी अमोघ आहे, ती जाळल्याशिवाय राहणार नाही, आणि गोपीचंद तर वाचला पाहिजे. कानिफा धातूंचे पुतळे एकामागून एक पुढे करतो, गुरूच्या क्रोधाला ते बळी पडू देतो आणि क्रोध ओसरल्यावर राजाला पुढे आणतो. गुरूची शक्ती कमी करता येत नाही; तिच्यापुढे काय ठेवायचे एवढेच शिष्याच्या हाती असते. दुसरीकडे, संजीवनी मंत्र घोकता घोकता पोरांच्या आग्रहाखातर चिखलाची बाहुली करणारा बाल गोरक्ष नकळत गहिनीनाथाला जन्म देऊन बसतो. अर्धवट लक्षाने हाताळलेली विद्या निष्फळ जात नाही. उलट ती इतकी फळते की एक जीव सांभाळण्याची जबाबदारी येऊन पडते. आणि रेवणनाथाला दत्ताकडून मिळते ती एकच सिद्धी. तिच्या जोरावर तो गावात सिद्ध म्हणून मिरवतो. मच्छिंद्राभोवती वनातले पशुपक्षी निर्वैर होऊन जमलेले पाहून तोही आपल्या सिद्धीला तसे घडवण्यास सांगतो, तेव्हा हे ब्रह्मवेत्त्याचे काम आहे, माझे नव्हे, असे ती सिद्धीच त्याला सांगते. विद्येने स्वतः तोंड उघडून आपली मर्यादा सांगावी, हा प्रसंग कोणत्याही नियमग्रंथकाराला हेवा वाटावा असा आहे.

अनेक विद्या घेण्याची एक काळी बाजूही भारतीय परंपरेने ओळखली होती : परक्या घराण्याची विद्या. 'महाभारता'तील कच शुक्राचार्यांकडे राहून संजीवनी शिकतो, देवयानीला नाकारतो आणि तिचा शाप घेऊन परततो, की ही विद्या तुला फळणार नाही. त्यावर त्याचे उत्तर व्यवहारी आहे : मला न फळो, मी जिला शिकवीन त्याला फळेल. खाडिलकरांच्या १९१३ च्या 'विद्याहरण' नाटकाने हा विषय मराठी रंगभूमीवर आणला, आणि त्या शीर्षकातील हरण हा शब्दच बरेच सांगून जातो. मालूच्या चाळिसाव्या अध्यायात हीच आकृती पुन्हा अवतरते. नाथांची विद्या आपल्याला नाही ही सल इंद्राला लागते. सल्ला पुन्हा बृहस्पतीचाच. इंद्र यज्ञाच्या निमित्ताने नाथांना एकत्र आणतो, आणि मच्छिंद्र मीननाथाला शिकवत असताना मोराच्या रूपाने झाडावर बसून ती विद्या ऐकून घेतो. कबुली दिल्यावर नाथ शापतात : कपटाने साधलेली विद्या निष्फळ होईल. मग रदबदली, मग सवलत : बारा वर्षे तप केलेस तर फळेल. देवांच्या राजाला सह्याद्रीत येऊन तपाला बसावे लागते. शिक्षा विद्या काढून घेण्याची नाही. चुकवलेली किंमत मागाहून भरण्याची आहे.

या पार्श्वभूमीवर अमेरिकन खेळाचा पुढचा इतिहास वाचला, की त्यातील अडचण कुठे आहे ते अधिक स्पष्ट होते. १९९७ मध्ये मूळ कंपनी 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'ने विकत घेतली आणि २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने वंशाची बंधने मोडीत काढली. कोणीही, कोणत्याही पायरीवर, कोणताही पेशा जोडावा. अधिकारभेद गेला, हे निःसंशय चांगले झाले. पण गणित आता उलट्या बाजूला कलले. पाच पायऱ्या मांत्रिकाच्या आणि पाच पुरोहिताच्या चढलेल्या पात्राला दोन्हीकडचे तिसऱ्या प्रतीचे मंत्र मिळत; त्याचा निव्वळ मांत्रिक असलेला सोबती त्याच दहाव्या पायरीवर पाचव्या प्रतीचे मंत्र म्हणत असे. तलवारीला तलवारीची भर पडते. मंत्राला मंत्राची पडत नाही, कारण मंत्राचे मोल त्याच्या उंचीत आहे, संख्येत नाही, आणि एका श्वासात एकच मंत्र म्हणता येतो. म्हणून २००३ च्या सुधारित आवृत्तीत 'मिस्टिक थिअर्ज' हा खास जोडपेशा दिसतो, जो दोन्ही विद्यांना एकाच वेळी वर नेतो. मांत्रिक तीन, पुरोहित तीन आणि हा चार, अशा दहा पायऱ्यांवर दोन्हीकडचे चौथ्या प्रतीचे मंत्र. उंचीत एक प्रत कमी, रुंदीत दुप्पट. पंचवीस वर्षांपूर्वीचा एल्फ नव्या वेषात परतला होता.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने अधिक चतुर तोड काढली. मंत्रांच्या जागा दोन्ही पेशांच्या बेरजेवर मोजायच्या, ज्ञात मंत्र मात्र प्रत्येक पेशाच्या स्वतंत्र पायरीवर. पाच-पाच पायऱ्यांच्या पात्राकडे पाचव्या प्रतीच्या जागा असतात, पण त्यांत भरायला तिसऱ्या प्रतीपर्यंतचेच मंत्र. भांडी मोठी, धान्य बेताचे. ही तोड आजवरच्या सर्वांत समतोल तोडींपैकी एक आहे असे म्हणावे लागेल. तिला एकच अपवाद राहिला, आणि तो अर्थपूर्ण आहे. 'वॉरलॉक' या पेशाला सामर्थ्य मिळते ते एखाद्या अलौकिक धन्याशी केलेल्या करारातून. त्याच्या जागा थोड्या, पण अल्प विश्रांतीतही भरून येणाऱ्या, आणि म्हणून सामायिक बेरजेत न धरलेल्या. त्या जागा 'सॉर्सरर' या दुसऱ्या पेशाच्या राखीव शक्तीत पालटत राहिले, आणि झोप टाळून विश्रांतीवर विश्रांती घेत गेले, तर साठा वाढतच जातो. हा दोष सापडायला वेळ लागला नाही. लक्षणीय गोष्ट अशी, की ज्या एका पेशात नियमग्रंथाने ऋणाची कल्पना कथेत आणली, तोच पेशा केवळ एक-दोन पायऱ्यांपुरता चाखून सोडण्यासाठी सर्वांत सोयीचा ठरला. करार ग्रंथात होता. घेणेकरी मात्र ग्रंथात नव्हता. धन्याने काय मागावे, केव्हा मागावे, न दिल्यास काय, याला नियमाचे बळ नव्हते. ते सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेले होते. २०२४ च्या सुधारणेत प्रत्येक पेशाची विशेष शाखा तिसऱ्या पायरीपर्यंत लांबवून ही चाखण्याची सवय महाग करण्यात आली. म्हणजे पुन्हा उत्तर पायरीचेच.

तेव्हा मालूचा मार्ग खेळाने उचलावा असे सुचवणे सोपे आहे. ते पुरते खरे नाही. पोथीचा कर्ता एक आहे आणि त्याला शेवट ठाऊक आहे. मच्छिंद्राला स्त्रीराज्यात ठेवून तो अध्यायच्या अध्याय जालंदर-कानिफांवर खर्च करू शकतो. श्रोत्यांची तक्रार नसते. मेजाभोवती बसलेल्या पाच जणांपैकी एकाला, तू वचनात अडकला आहेस, पुढचे सहा महिने गप्प बस, असे सांगता येत नाही. तेथे प्रत्येकाला कथेत सारखा वाटा हवा असतो, आणि सारख्या वाट्याची हमी आकड्यांनीच देता येते. नात्यांच्या हिशेबात सूत्रधाराचा लाडका आणि नावडता असा भेद शिरायला वेळ लागत नाही. पायऱ्यांचे कोष्टक रुक्ष असेल, पण ते सर्वांना आधी वाचायला मिळते. या अर्थाने समतोलाचा अमेरिकन प्रश्न हा कथेचा नसून सहकर्त्यांमधील समतेचा आहे, आणि पोथीला तो कधी पडलाच नव्हता.

पोथीला पडलेला प्रश्न अधिकाराचा होता, आणि त्याचे तिने दिलेले उत्तर दुहेरी आहे. तिचे नायक कोणत्याच कुळाचे नाहीत. एक मासळीच्या पोटचा, कोळ्याने वाढवलेला. एक उकिरड्यातून निघालेला. एक यज्ञकुंडातल्या अग्नीतून, एक हत्तीच्या कानातून, एक चिखलातून. विद्या बोलभाषेतली, आणि तिचा अधिकार खेपा घालून मिळवायचा. १९७८ च्या नियमांनी जन्माला दिलेले स्थान या पोथीने दीडशेहून अधिक वर्षे आधी नाकारल्यासारखे दिसते. पण द्वारकेतल्या त्या आरंभीच्या सभेत श्रीकृष्णाने नव नारायणांना अवतार घेण्यास सांगितलेले असते. उकिरड्यातला गोरक्ष हा हरिनारायणाचा अवतार, आणि मासळीच्या पोटचा मच्छिंद्र कविनारायणाचा. समोरच्या दाराने बाहेर घातलेला जन्माधिकार मागल्या दाराने परत घेतला गेला आहे. मालूला हे करावेसे का वाटले असावे याचे उत्तर १८१९ च्या श्रोतृवर्गात शोधावे लागेल. कथांचे अंग मात्र या प्रस्तावनेशी पुरते जुळत नाही. नारायणच असलेल्या मच्छिंद्राला कुंडाकाठी मूर्च्छा येण्याचे आणि पुन्हा पुन्हा ती वाट तुडवण्याचे कारण नव्हते.

शेवटच्या अध्यायात मालूने फलश्रुती दिली आहे आणि ती साधी नाही. चाळीस अध्यायांना त्याने निरनिराळी फळे वाटून दिली आहेत : अमुक अध्यायाने अमुक बाधा टळेल, तमुक अध्यायाने तमुक इच्छा पुरेल. नाथांनी झाडावरून एकेक करून जे गोळा केले ते वाचकाला अध्यायवार मिळते, आणि सर्व हवे असेल तर सर्व वाचावे लागते. पारायणासाठी नेमाचे दिवस, शुचिर्भूतपणाचे दंडक, समाप्तीचे विधी घरोघर ठरलेले आहेत. तरीही ज्यांना इतका वेळ नसतो असे अनेक वाचक रोज केवळ चाळिसावा अध्याय वाचतात, कारण सगळी फळे त्या एका ठिकाणी मोजून ठेवलेली आहेत. इंद्र मोर होऊन झाडावर बसला तो अध्याय हाच.